यादीबाहेरचं नाव

“सतरा नंबर!” कंपाउंडरने औषधाच्या खिडकीतून हाक मारली आणि भिंतीकडच्या बाकावरून संघटक उठले.

कंपाउंडरच्या हातातली कात्री गोळ्यांच्या पट्टीवर तशीच थांबली. एका बाजूला खोकणारी म्हातारी, दुसऱ्या बाजूला हात गळ्यात बांधलेला गवंडी, आणि त्या दोघांच्या मध्ये संघटक पाऊण तास बसून होते. तरी त्याचं लक्ष गेलं नव्हतं. लक्ष जाणार नाही असं बसणं त्यांना साधलेलं होतं. बिनइस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, टाचेशी झिजलेल्या चपला. लग्न नाही, घर नाही, मागे कुणी वाट पाहणारं नाही.

“दादा, तुम्ही? निरोप दिला असता तर रांगेत बसावं लागलं नसतं.”

“खोकला आहे,” संघटक म्हणाले. “खोकल्याला कसला निरोप?”

आणि ते डॉक्टरांच्या खोलीत गेले.

बाकावरच्या कुणालाच हा माणूस कोण, याचा पत्ता नव्हता. कंपाउंडरला मात्र दाराचा बोल्ट आतून सरकल्याचा आवाज आला आणि त्याचे कान टवकारले. हिंदू समाज एक झाला पाहिजे, राष्ट्र त्याच्या जोरावर उभं राहिलं पाहिजे, असं मानणारी एक जुनी चळवळ होती. तिनेच पुढे पक्ष काढला. चळवळ आई आणि पक्ष तिचं लेकरू. लेकरू मोठं झालं, निवडणुका जिंकू लागलं, मोटारीतून फिरू लागलं. तरी आईने नुसतं डोळे वर करून पाहिलं की त्याची मान खाली जायची. आईचा निरोप पोचवायला चळवळीने जो माणूस पक्षात बसवला होता, तो म्हणजे संघटक. आणि आत खुर्चीवर बसलेले डॉक्टर बारा वर्षं पक्षाचे जिल्हाध्यक्ष होते.

दहा मिनिटांनी बोल्ट सरकला. संघटक खिडकीशी आले, चिठ्ठी आत सरकवली. डॉक्टरांचं अक्षर कंपाउंडरला तीस वर्षं पाठ होतं. आज ते ओळीखाली घसरलं होतं.

त्याने खोकल्याचं औषध बाटलीत ओतायला घेतलं.

“रविवारी बैठक आहे,” संघटक म्हणाले. “अध्यक्षपदासाठी तुमचं नाव ठरलंय.”

औषध बाटलीच्या गळ्यापर्यंत आलं, वर आलं, त्याच्या बोटांवरून खाली ओघळलं.

“माझं?”

“तुमचंच.”

“आणि डॉक्टरसाहेब?”

“तेच सुचवतील. आत्ताच बोलणं झालं.” संघटकांनी खिशातला रुमाल काढून खिडकीतून पुढे केला. “हात पुसा. दिवसातून किती वेळा घ्यायचं?”

“तीनदा,” कंपाउंडर म्हणाला. “जेवणानंतर.”

ते गेल्यावर सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीतून ट्रे घेऊन बाहेर आली. दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत आणि पक्षातही सिस्टरच म्हणत. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, चाल अशी की पेशंट आधी सावरून बसायचा आणि मग विव्हळायचा. तिने लाकडी फळीवरचा चिकट ओघळ पाहिला.

“तुमच्या हातून सांडलं? तीस वर्षांत पहिल्यांदा बघतेय. काय म्हणत होते?”

त्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला कान पुढे करावा लागला. ऐकून झाल्यावर तिने ट्रे ठेवला आणि मोठ्यांदा हसली. बाकावरची म्हातारी खोकायची थांबली.

“म्हणजे या पक्षात अजून थोडं शहाणपण शिल्लक आहे म्हणायचं! अहो, उभे काय राहिलात? बसा. अध्यक्षांनी बसायचं असतं.”

तिने पायाने स्टूल त्याच्याकडे ढकललं. तो खरोखरच बसला.

कंपाउंडर नऊ वर्षांचा असताना वडिलांचं बोट धरून चळवळीच्या मैदानावर गेला होता. तेव्हापासून सकाळची कवायत त्याने आजारपणाशिवाय चुकवली नाही. चळवळीने सांगितलं, पक्षात काम कर, त्याने केलं. मतदारयाद्या तपासणं, मेलेल्यांची नावं काढणं, नव्या सुनांची घालणं, पावसापाण्याचं घरोघर चिठ्ठ्या वाटणं. व्यासपीठावर तो आयुष्यात दोनदा चढला होता, दोन्ही वेळा माइक दुरुस्त करायला.

आणि डॉक्टर म्हणजे डॉक्टर. त्यांनी हात धरला की ताप उतरतो अशी ख्याती. दोनदा आमदार झाले. दुसऱ्या वेळी मात्र विजय डोक्यात गेला. समोरच्या पक्षातली चार वजनदार माणसं त्यांनी कुणाला न विचारता आपल्यात घेतली. युवा आघाडीवर मुलाला बसवलं. चळवळीच्या वार्षिक शिबिराला सलग दोन वर्षं “पेशंट आहेत” म्हणून गेले नाहीत. चळवळीने यावर अवाक्षर काढलं नाही. पुढच्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी खिडकी उघडून पाहिलं, तर चौकाचौकात पक्षाची टेबलं मांडलेली होती आणि टेबलांमागे कुणीच नव्हतं. दरवेळी पहाटे पाचला हजर होणारी चारशे माणसं आपापल्या घरी चहा पीत बसली होती. भांडण नाही, पत्रक नाही, बंड नाही. डॉक्टर हरले, स्वतःच्या वॉर्डातसुद्धा मागे पडले.

त्या दिवशी एकाच टेबलावर माणूस होतं. शाळेसमोरच्या. तिथे सिस्टर एकटी चिठ्ठ्या फाडून देत बसली होती.

“आणि तुम्ही?” तिने तेव्हा कंपाउंडरला विचारलं होतं.

“मला ताप होता,” तो म्हणाला होता.

“ताप कंपाउंडरला आणि औषध डॉक्टरला,” एवढंच ती म्हणाली.

घरी बायको शाळेतून नुकतीच आली होती. ती शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती आणि दाखल्यावरची खाडाखोड लांबून ओळखायची. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पर्स टेबलावर ठेवली.

“काय झालं? कुणी गेलं का?”

“कुणी गेलं नाही. मला अध्यक्ष करतायत.”

“तुम्हाला?” तिला हसू फुटलं. “अहो, घरातून निघताना छत्री घेऊ का, हेसुद्धा तुम्ही मला विचारता.”

“म्हणूनच केलं असेल.”

तो गमतीने बोलला होता, पण तिचं हसू थांबलं. मग तिने कपाट उघडलं, मुलीच्या लग्नात शिवलेला कोट बाहेर काढला, खिडकीच्या उजेडात धरला. बाही आखूड झाली नव्हती. तो काही त्यानंतर वाढला नव्हता. मुलीला फोन लावला. पलीकडून अशी किंकाळी आली की फोन कानापासून लांब धरावा लागला. “बाबा, शेवटी त्यांना माणूस दिसला!” मुलगी म्हणत होती. कंपाउंडर खाली मान घालून ऐकत राहिला, आणि बायकोने पाहिलं, तो फोनची वायर एका बोटाला गुंडाळत हसत होता. असा तो साखरपुड्याच्या दिवशी हसला होता.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “मला आनंद झालाय. तीस वर्षं तुम्ही लोकांची नावं यादीत घातलीत. एकदा तुमचं कुणी घातलं, तर बिघडलं कुठे?”

शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी घंटी वाजवली नाही. स्वतः उठून औषधाच्या खिडकीशी आले.

“आत ये. बस.”

पेशंटच्या खुर्चीवर कंपाउंडर याआधी कधी बसला नव्हता. तिथून डॉक्टर वेगळे दिसत होते. गाल उतरले होते, मानेपाशी कातडी सैल पडली होती.

“साहेब, मी मागितलं नव्हतं.”

“माहीत आहे. मागणाऱ्याला ते देत नाहीत.” डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. “मीही मागितलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी हेच संघटक इथेच आले होते. तेव्हा त्यांना पोटदुखी होती.”

कंपाउंडरला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. डॉक्टरच हसले.

“तुला वाटायचं मी निर्णय घेतो. बाहेर बसून सगळ्यांना तसंच वाटायचं. अरे, अध्यक्ष म्हणून मी एकच वाक्य बोलत आलो, विचारून सांगतो. तिकीट हवंय? विचारून सांगतो. सभा कधी? विचारून सांगतो. शेवटी शेवटी त्यातला पहिला शब्द गाळायला लागलो.”

“त्यांचं चुकतं असं म्हणायचंय का, साहेब?”

डॉक्टरांनी मान हलवली.

“तेही नाही. मला उभं कुणी केलं? त्यांनीच. माझी काय लायकी होती? दोन खोल्यांचा दवाखाना. ती चारशे माणसं माझी नव्हतीच, त्यांची होती. मी आपली समजलो.” त्यांनी हात पुढे केला. “उद्या मी तुझं नाव सुचवीन, आणि मनापासून सुचवीन. तेवढं तुझं माझ्याकडे लागतं.”

कंपाउंडरने दोन्ही हातांनी तो हात धरला. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला संघटक घरी आले. बायकोने पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानेच प्यायलं आणि पिशवीतून एक टंकलिखित कागद काढला.

“नवी कार्यकारिणी. उद्या निवड झाल्याबरोबर तुम्ही वाचून दाखवायची. नऊ नावं आहेत.”

कंपाउंडरने कागद सवयीने वाचला. आधी वरून खाली, मग खालून वर. मतदारयादी अशीच तपासायची असते. खालून वाचलं की गळलेलं नाव दिसतं.

“सिस्टरचं नाव राहिलं, दादा.”

“राहिलं नाही. ठेवलेलं नाही.”

“महिलांचं सगळं काम तिने उभं केलंय. सातशे बायका आहेत.”

“कामाबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही.” संघटकांचा आवाज कधी चढत नसे. “पण दंगलीच्या वेळी दवाखान्याचं दार कुणी उघडलं, हे आपली माणसं विसरलेली नाहीत. सरचिटणीसपदावर ती बसली तर मैदानावरचे निम्मे लोक घरी बसतील. तुम्ही जाणता.”

कंपाउंडरने तोंड उघडलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची नजर त्याच्यावर खिळली होती. त्याने तोंड मिटलं आणि कागदाची घडी घातली.

“सकाळी साडेदहाला,” असं म्हणून संघटक गेले.

अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार सिस्टर सोडली तर घरातल्या या दोघांनाच पुरती माहीत होती. शहरात दंगल पेटली होती. डॉक्टर राजधानीला गेले होते. दवाखाना बंद ठेवायचा असं ठरलं होतं, आणि कंपाउंडर नि सिस्टर मागच्या खोलीत औषधांची मांडणी करत बसले होते. तेवढ्यात पुढच्या दारावर थापा पडल्या. पुलापलीकडच्या मुसलमान वस्तीतले तिघं पुरुष आणि एक गरोदर बाई. चौघंही रक्ताने माखलेली. सिस्टर काही बोलायच्या आत कंपाउंडर उठला होता. त्याने विचार केला नव्हता. पेशंट दारात आला की दार उघडायचं, एवढंच त्याच्या हातांना माहीत होतं, आणि किल्ली त्याच्याच खिशात असायची.

तासाभराने मैदानावरची मुलं आली. त्यांच्यातल्या निम्म्यांना कवायत त्यानेच शिकवली होती. “दार कुणी उघडलं?” बाहेरून आवाज आला. कंपाउंडर औषधांच्या कपाटामागे उभा होता. सिस्टरने त्याच्याकडे एकदा पाहिलं, सुई बाजूला ठेवली आणि तशाच हातांनी दारात गेली.

“मी उघडलं. कुणाला टाके घालायचे असतील त्याने आत यावं. बाकीच्यांनी उन्हात उभं राहू नये, घेरी येते.”

मुलं गेली. तिचे वडीलही चळवळीतलेच होते, म्हणून तिला कुणी हात लावला नाही. फक्त त्या दिवसापासून कुठल्याही यादीत तिचं नाव आलं नाही. काम सगळं तिच्याकडे, नाव दुसऱ्याचं. तिने याबद्दल कंपाउंडरला एकदाही बोल लावला नाही, आणि त्यामुळेच ते त्याला अधिक जड जात होतं.

“काय करणार आहात?” संघटक गेल्यावर बायकोने विचारलं.

“बघू.”

“बघण्यात अकरा वर्षं गेली,” ती म्हणाली आणि कोटाला ब्रश मारायला लागली.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. खुर्च्या संपल्या म्हणून लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. दारापाशी टेबल टाकून सिस्टर येणाऱ्यांची नावं नोंदवून घेत होती आणि बिल्ले देत होती. कंपाउंडर आत शिरताना तिने त्याच्या कोटाला बिल्ला लावला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि तो सरळ केला.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “माइक बिघडला तर तुम्हालाच दुरुस्त करता येतो.”

डॉक्टर बोलायला उभे राहिले. हरलेला माणूस कसा बोलेल याची सगळ्यांनाच धाकधूक होती. पण डॉक्टर त्या दिवशी बोलले तसे दोन्ही निवडणुकांतही बोलले नव्हते. म्हणाले, “माझ्या औषधाने तुम्ही बरे झालात असं तुम्हाला तीस वर्षं वाटतंय. मी फक्त लिहून देत होतो. औषध देत होता तो.” आणि त्यांनी कंपाउंडरकडे बोट केलं. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. हात वर करायला सांगितलं तेव्हा सभागृहात हातांचं रान उगवलं. एकही हात खाली नव्हता. घोषणा सुरू झाल्या. ज्यांच्या घरी त्याने चिठ्ठ्या वाटल्या होत्या, ज्यांच्या पोरांना ताप उतरेपर्यंत सांभाळलं होतं, ती सगळी माणसं त्याच्या नावाचा जयजयकार करत होती. पहिल्या रांगेत बायको ताठ बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

कंपाउंडर माइकपाशी गेला. एवढं सुख आपल्याला झेपेल का, असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्याने खिशातून कागद काढला आणि नऊ नावं वाचली. स्पष्ट, न अडखळता. प्रत्येक नावावर टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ टेकून, संघटक बसले होते. पिशवी मांडीवर. त्यांनी मान किंचित हलवली. झालं, आता बसा.

कंपाउंडर बसला नाही. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

“यादी संपली,” तो म्हणाला. “आता माझं. पक्षाच्या घटनेत दोन सरचिटणीस असतात. यादीत एक आहे. दुसरं नाव मी घेतो, पण त्याआधी एक सांगायचंय.”

त्याने माइकचा दांडा धरला.

“अकरा वर्षांपूर्वी दंगलीत दवाखान्याचं दार सिस्टरने उघडलं, असं तुम्ही सगळे मानता. मी तुम्हाला तसं मानू दिलं. दार मी उघडलं. किल्ली माझ्या खिशात होती. मुलं विचारायला आली तेव्हा मी कपाटामागे उभा राहिलो, आणि माझ्या जागी ती बाहेर गेली. त्या मुलांतले बरेच जण आज इथे बसलेत. त्यांना कवायत मी शिकवली. पण कपाटामागे उभं राहायला मी शिकवलं नव्हतं, ते मी एकट्यानेच केलं.”

सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

“दारात आलेला जखमी माणूस आत घेणं, याला कुणी आपल्या धर्माविरुद्ध म्हणत असेल, तर तो आणि मी वेगवेगळा धर्म शिकलोय. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अध्यक्ष बदलावा. निवड होऊन पंधरा मिनिटंही झाली नाहीत, अजून सोपं आहे. दुसऱ्या सरचिटणीस, सिस्टर.”

तिसऱ्या रांगेतला एक धिप्पाड माणूस उठून उभा राहिला. त्या दिवशी दारात सगळ्यात पुढे तोच होता. त्याचं तोंड लाल झालं होतं. “हे असलं...” एवढंच तो बोलला, आणि आधार शोधावा तसा मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहू लागला. त्याच्याबरोबर सगळं सभागृह मागे वळलं.

संघटकांनी मांडीवरची पिशवी उचलली, शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मग ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. सावकाश, एकेक.

मग सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आधी मागच्या बाजूच्या बायका उठल्या, मग खिडक्यांवरचे, मग सगळेच. धिप्पाड माणूस थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि उभे आहोतच तर म्हणून त्यानेही हात एकमेकांवर आपटले. सिस्टर दारापाशी नोंदणीच्या टेबलामागे बसली होती. ती उठली, पेनाचं टोपण लावलं, वही शेजारणीकडे दिली आणि मधल्या वाटेने चालत आली. घाई केली नाही. पायऱ्या चढताना कंपाउंडरने हात पुढे केला. तिने तो धरला, पण चढली आपली आपण.

अर्ध्या तासाच्या सुट्टीत कंपाउंडर बाहेरच्या व्हरांड्यात आला. पाठीवर थापा पडून पडून खांदा दुखत होता. संघटक कठड्याशी पाण्याचा पेला घेऊन उभे होते.

“दादा,” तो त्यांच्यापुढे उभा राहिला. “मी न विचारता केलं. जे काय असेल ते मला सांगा, तिला नको.”

संघटकांनी पाणी संपवलं.

“तिचं नाव महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं,” ते म्हणाले.

कंपाउंडरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“यादीत तर नव्हतं.”

“यादीतून आलं असतं, तर चळवळीने लादलं असं झालं असतं. लोक उठून गेले असते. अध्यक्षाने स्वतःहून, छातीवर हात ठेवून घेतलं, म्हणून पचलं. पुढच्या निवडणुकीत आपल्याला पुलापलीकडेही जायचंय. तिच्याइतकं तिकडे कुणाला ओळखतात?”

“पण मी ते दाराचं बोलेन हे तुम्हाला...”

“कुलूप तोडलेलं नव्हतं,” संघटक म्हणाले. “आणि किल्ली एकाच माणसाकडे असायची. हे आम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं.”

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला. कंपाउंडर एक पाऊल पुढे सरकला.

“आणि मी नाव घेतलंच नसतं तर?”

संघटकांनी पेला कठड्यावर ठेवला, पिशवी खांद्याला लावली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की ऊन डोळ्यांवर आलं होतं, ते सांगता आलं नसतं.

“पण घेतलंत ना,” ते म्हणाले. “औषध चांगलं होतं. खोकला गेला.”

आणि जिना उतरून ते रस्त्याच्या गर्दीत मिसळले. दहा पावलांवर ते कोणते, हे कंपाउंडरला ओळखू येईना.

सभागृहात लोक पुन्हा जागेवर बसत होते. व्यासपीठावर सिस्टरने आपली खुर्ची मागच्या रांगेतून ओढून पुढच्या रांगेत आणली होती आणि पुढच्या कामाचे विषय एका कागदावर लिहीत होती. कंपाउंडर तिच्या शेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने खालच्या आवाजात त्याने संघटकांचं बोलणं जसंच्या तसं तिला सांगितलं.

ती लिहायची थांबली.

“खरं बोलत होते?”

“कळलं नाही. खरंही असेल. नाहीतर ऐन वेळी सावरून घेतलं असेल. त्यांचं कधी कळतं?”

तिने खाली पाहिलं. सातशेपैकी निदान दोनशे बायका आज आल्या होत्या. आता त्यांनी पुढच्या खुर्च्या धरल्या होत्या. पुरुष मागे कडेला उभे होते, आणि बायकांना उठायला कुणी सांगत नव्हतं. तिसऱ्या रांगेतला तो धिप्पाड माणूस एका म्हातारीला आपली खुर्ची देत होता.

“असेना का,” सिस्टर म्हणाली. “तुमच्या तोंडून निघेपर्यंत ते नाव कुठे होतं, याच्याशी मला काय करायचंय? टाळ्या त्यांना उभं राहून वाजवाव्या लागल्या, एवढं मी पाहिलं.”

मग तिने माइक स्वतःकडे ओढला, टिचकी मारून तपासला आणि पहिला विषय वाचायला घेतला. सगळं सभागृह शांत झालं.